वाढीव वॉरंटी

गेल्या वर्षीची, म्हणजे 2024 सालची गोष्ट. गणपती उठून दोन दिवस झाले होते. मखराचे पुठ्ठे माळ्यावर टाकून मी जरा टेकलो होतो, तोच फोन वाजला. पलीकडून इतक्या गोड आवाजात चौकशी झाली, की तेवढ्या गोड आवाजात माझी चौकशी आमच्या घरातही कुणी करीत नाही.

"सर, आपली गाडी कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हणालो.

"सर, तिची वॉरंटी सात ऑक्टोबरला संपते आहे."

हे त्याने अशा सुरात सांगितले, की क्षणभर मला वाटले, सात ऑक्टोबरला आपण गाडीच्या उशाशी बसून राहावे. पुढे तो म्हणाला, की आणखी दोन वर्षांची वॉरंटी घेता येईल. सतरा हजार रुपये, अधिक अठरा टक्के जीएसटी. मात्र मुदत एकदा संपली, की हीच गोष्ट इतक्या सहज मिळणार नाही.

गाडी आम्ही 2019 च्या दसऱ्याला घेतली. साधी, पेट्रोलवरची, हाताने गिअर टाकायची. कंपनीची हमी दोन वर्षांची होती आणि पुढची तीन वर्षे आम्ही जादा पैसे भरून त्याच दिवशी घेतली होती. पेढे, हार, नारळ आणि नाकासमोर नाचणारी किल्ली यांच्या गर्दीत माणूस कशावरही सही करतो. पाच वर्षांत तिचा उपयोग नेमका एकदा झाला: मागच्या काचेची मोटर बिघडली, ती फुकट बदलून मिळाली. त्या दिवशी मला लॉटरी लागल्यासारखे वाटले होते. ही लॉटरी आपण आधीच पैसे भरून घेतली आहे, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

आता वीस हजार साठ रुपयांचा प्रश्न होता. निवृत्त माणसाच्या घरात एवढी रक्कम जेवणाच्या टेबलावरच मांडावी लागते. मांडली.

"घेऊन टाका," मी म्हणालो, म्हणजे स्वतःलाच म्हणालो. कारण माझ्या डोळ्यांपुढे वाई होती. आई वाईला असते. वय चौऱ्याऐंशी, हृदयाचे औषध चालू, आणि पुण्याला येऊन राहा म्हटले की "माझी तुळस कोण पाहील?" हा प्रश्न ठरलेला. दर पंधरा दिवसांनी आम्ही खंबाटकी घाट चढून, सुरूरला वळून तिच्याकडे जातो. कधी रात्री फोन येतो, की घाबरल्यासारखे होते आहे. अशा रात्री गाडी घाटात बंद पडली तर?

"पण वॉरंटी घेतली म्हणजे गाडी बंद पडायची नाही, असं आहे का?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

मी गप्प बसलो. प्रश्न इतका साधा होता, की तो मला सुचला नव्हता. वॉरंटी गाडी बंद पडू देत नाही असे नाही. बंद पडल्यावर, आणि तेही ठरावीक भाग बिघडला असेल तरच, दुरुस्तीचे पैसे वाचवते. भीती मला घाटाची होती आणि मी औषध घेणार होतो वर्कशॉपच्या बिलाचे!

एवढे बोलून ती थांबली नाही. आमच्या घरात एक लांबट वही आहे, तीत दुधापासून दाढीच्या ब्लेडपर्यंत सर्व खर्च असतो. तिने गाडीची पाने काढली. पाच वर्षांत आम्ही काय काय बदलले होते? बॅटरी एकदा, चार टायर, ब्रेकचे पॅड, वायपरची रबरे, ऑइल आणि फिल्टर दर सर्व्हिसला, एक दिवा. मी वॉरंटीचे पत्रक काढून भिंगाखाली धरले. काय काय मिळणार नाही, त्याची यादी अशी: बॅटरी, टायर, ब्रेकचे पॅड, क्लचप्लेट, वायपर, फिल्टर, दिवे, रबरी वस्तू. जणू आमची वही समोर ठेवूनच कुणी ती लिहिली होती.

यात लबाडी काही नाही, हे मी न्यायाने सांगतो. जे झिजायचेच, ते झिजले म्हणून कुणी हमी देत नाही. हमी असते ती इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, इलेक्ट्रॉनिक्स यांतल्या दोषांची. ज्याची गाडी रोज साठ-सत्तर किलोमीटर पळते, त्याचे हे भाग लवकर थकतात. आमची गाडी पाच वर्षांत एकतीस हजार किलोमीटर चाललेली. पळण्यापेक्षा उभीच जास्त. आणि उभ्या गाडीचे काय बिघडते? बॅटरी, टायर आणि रबर!

शिवाय पाण्याचे निराळेच. त्याच वर्षीच्या जुलैत सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत नदीचे पाणी शिरले होते, ते सर्वांना आठवत असेल. पाणी इंजिनात गेले आणि मालकाने घाईने किल्ली फिरवली, की आतला दट्ट्या पाण्यावर आदळतो. पाणी काही हवेसारखे दबत नाही, म्हणून लोखंडाचा दांडा वाकतो आणि बिल कारखानदाराच्या हमीत बसत नाही, साध्या विम्यातही सहसा नाही. त्यासाठी विम्याला इंजिनाच्या संरक्षणाची वेगळी पुरवणी जोडावी लागते. ही गोष्ट पुष्कळांना गाडी बुडाल्यावर कळते.

मग मी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने बॉनेट उघडले, इंजिन चालू करून कान दिला आणि म्हणाला, "काका, गाडी ऑटोमॅटिक असती, नाही तर टर्बोची असती, तर म्हटलं असतं डोळे मिटून घ्या. त्यातला एक भाग गेला की पन्नास हजारांची बात. हिच्यात काय आहे?" हिच्यात काही नाही, हे ऐकून मला आनंद व्हावा की अपमान वाटावा, ते कळेना. अर्थात वॉरंटी घेतली असती तर गाडी त्याच्याकडे आलीच नसती, अधिकृत वर्कशॉपमध्येच न्यावी लागली असती. तेव्हा त्याचा सल्ला अगदी निःस्वार्थी होता असेही नव्हे. पण स्वार्थ गोड आवाजालाही होताच.

खरी गाठ पुढेच पडली. पत्रकात एक अट होती: सर्व सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालेले असले पाहिजे, नाही तर मागणी नाकारता येईल. 2020 सालची आमची एक सर्व्हिसिंग दोन महिने उशिरा झाली होती. त्या दिवसांत दाराबाहेर पाऊल टाकायची कुणाची छाती होती? मी गोड आवाजाला फोन लावला.

"सर, कोरोनातली गोष्ट कोणी धरत नाही."

"मग तसं लिहून द्या."

"सर, लिहून देण्याची पद्धत नाही."

"ईमेलवर दोन ओळी?"

"विचारून सांगतो, सर."

सात ऑक्टोबर आला नि गेला. रोज पेमेंटची लिंक येत होती. त्या दोन ओळी काही आल्या नाहीत. मोठा घोटाळा मुळीच नव्हता, पण आमच्या सौ.चे म्हणणे असे, की ज्या माणसाला पैसे घेण्यापूर्वी दोन ओळी लिहायला सवड नाही, त्याला पैसे घेतल्यावर कशी होईल? तिने निर्णय दिला: दरमहा साडेआठशे रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे, नाव 'गाडी'. दोन वर्षांत हप्त्याइतके होतात, आणि काही बिघडले नाही तर राहतात आपलेच. विम्याला इंजिनाची पुरवणी आणि रस्त्यावर मदत मिळण्याची पुरवणी जोडली. बॅटरी चार वर्षांची झाली होती, ती बंद पडायची वाट न पाहता बदलली. घाटाचे औषध खरे तर हे होते.

या वर्षीच्या जूनमध्ये आईला तपासणीसाठी पुण्याला आणत होतो. संध्याकाळची वेळ, खंबाटकीचा बोगदा मागे टाकला आणि काचेपाठीमागचा बॅटरीचा तांबडा दिवा लागला. शिरवळ येईपर्यंत पुढचे दिवे मंदावले. एका धाब्यापाशी गाडी घेतली. अल्टरनेटर गेला होता.

मदतीची गाडी यायला दीड तास लागला. आईने पिशवीतून लाडू काढून मदतवाल्यालाही एक दिला आणि मला म्हणाली, "तुझ्या वडिलांची स्कूटर आडवी करून किक मारली की चालू व्हायची. ती यायला मात्र किती वर्षं नंबर लावून बसलो होतो रे!" तिला घाबरल्यासारखे मुळीच झाले नव्हते. घाबरलो होतो तो मी.

मेकॅनिकने अल्टरनेटर दुरुस्त करून बसवला. चार हजार सहाशे रुपये झाले. 'गाडी' खात्यात तोवर सात हजार सहाशे पन्नास साठले होते, त्यातून दिले. त्या रात्री पाणी प्यायला उठलो, तर वही टेबलावर उघडीच होती. खर्चाची ओळ नेहमीच्या ठसठशीत अक्षरात होती. तिच्याखाली, बारीक पेन्सिलीने, लिहिले होते: "हे मात्र वॉरंटीत मिळालं असतं."

मी दिवा मालवला आणि वही तशीच उघडी ठेवली.