गाडीचं पाणी कुठं जातं?

दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीतल्या माणसाने आमच्या गाडीची लांबी आधी पावलांनी मोजली आणि मगच शिट्टी वाजवली. फेब्रुवारीतली सकाळ होती. मी आणि माझी पत्नी भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन हरिहरेश्वरहून वेंगुर्ल्याला निघालो होतो. आठ दिवसांचा संसार चार चाकांवर होता : बिछाना, दोन शेगड्या, छोटा फ्रिज आणि एक इवलेसे स्वच्छतागृह. वाशिष्ठीची खाडी ओलांडून आम्ही धोपाव्याला उतरलो आणि संध्याकाळी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत, रीतसर विचारून, एका घराच्या अंगणाशेजारी मुक्काम केला. घरच्या काकूंनी गाडी आतून पाहिली, कौतुक केले आणि परत जाताना विचारले, "सगळं छान आहे हो, पण ह्या गाडीचं पाणी कुठं जातं?"

कोकणच्या किनाऱ्यावर कॅरॅव्हॅन याव्यात की नाहीत, हा वाद या एका प्रश्नाशी येऊन थांबतो. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. केरळनेही त्याच वर्षी आणले. रेवस ते रेडी या सागरी मार्गाचे रखडलेले टप्पे पुरे झाले की अशा गाड्या वाढणार, हे उघड आहे. म्हणून दोन्ही बाजू आत्ताच नीट तोलल्या पाहिजेत.

बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. किनाऱ्याच्या रस्त्यावर बाईमाणसाला दिवसभर पाणी कमी पिऊन प्रवास करावा लागतो, कारण स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळेल याचा भरवसा नसतो. साठी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, मधुमेह असलेल्या माणसांसाठी तर हा प्रश्न घराबाहेर पडावे की नाही इथपर्यंत जातो. माझ्या पत्नीने दहा वर्षांनी कोकणात आठ दिवस काढले, ते या गाडीमुळे. अशा जोडप्यांसाठी कॅरॅव्हॅन ही चैन नव्हे, सोय आहे.

बाजूचा दुसरा मुद्दा जमिनीचा. 2019च्या किनारा नियमन अधिसूचनेने विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र ठरवला आहे. तरी सुरूच्या बनाला खेटून भिंती उभ्या राहताना आपण पाहतो. कॅरॅव्हॅनला पाया लागत नाही. ती सकाळी निघून गेली की जमीन होती तशी उरते. शिवाय अशा गाडीतला प्रवासी शनिवार-रविवारच्या गर्दीत अडकत नाही. पूर्णगडाच्या तटावर मंगळवारी दुपारी आम्ही दोघेच होतो. निवतीला जाळी विणणाऱ्या एका आजोबांशी तासभर गप्पा झाल्या. ज्या गावांत लॉज नाही, तिथेही माणूस रमतगमत जाऊ शकतो.

आता दुसरे पारडे. कोकणातली घरे पर्यटकांच्या मुक्कामावर संसार सावरतात. पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेखाली कितीतरी घरांनी कर्ज काढून दोन-चार खोल्या बांधल्या. रात्रीच्या मुक्कामाबरोबर जेवण, मोदक, आमसुले, कोकम आगळ, सकाळचे घावणे असे सगळे विकले जाते. बिछाना आणि शेगडी घेऊन फिरणारे जोडपे त्या घरात जातच नाही. आठ दिवसांतली आमची निम्मी जेवणे गाडीतच शिजली, तीही शहरातून आणलेल्या किराण्यावर. गावाच्या हाती त्यातून काही आले नाही.

रस्त्याचा प्रश्न तितकाच खरा आहे. वाड्यांतून जाणारे रस्ते दोन्ही बाजूंच्या जांभ्याच्या गडग्यांमध्ये बसवलेले आहेत. आमच्यासमोर एका उतारावर एसटी आली, तेव्हा तिच्या चालकाला गाडी बरीच मागे घ्यावी लागली. आतल्या शाळकरी मुलांचा वेळ आमच्या सहलीपायी गेला, याची खंत वाटली. अशा दहा गाड्या रोज आल्या, तर ती एसटी वेळेवर कधीच पोचणार नाही.

सर्वांत जड बाब पाण्याचीच. पाचव्या दिवशी आमची सांडपाण्याची टाकी भरली. तीन ठिकाणी विचारले, तिन्हीकडे नकार मिळाला. एका भल्या माणसाने सल्ला दिला, "सड्यावर सोडून द्या, कोण बघतंय?" सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. जांभा सच्छिद्र दगड आहे. वर ओतलेले पाणी त्याच्या भोकांतून खाली झिरपते आणि पायथ्याच्या वाडीची विहीर त्याच झिरप्यावर भरते. भरपूर पाऊस पडूनही ज्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, तिथली विहीर आपण साबणाच्या पाण्याने नासवायची काय? आम्ही पुढच्या गावात एका लॉजमालकाला पैसे देऊन त्याच्या शोषखड्ड्यात ते पाणी सोडले. संडासाच्या टाकीचे काम त्याहून अवघड असते. तिच्यातली काही रसायने घरगुती सेप्टिक टँकमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारक ठरतात.

उजेडाचाही विचार हवा. वेळासच्या किनाऱ्यावर 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी गावकऱ्यांच्या साथीने राखली जातात. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू उजळ क्षितिजाकडे चालते आणि रात्री तो उजेड समुद्राचा असतो. पुळणीला लागून उभ्या केलेल्या गाडीचा दिवा त्याला उलट्या दिशेला नेतो. तळहातात मावणारे ते पिल्लू वाळूवर वल्ही मारत जाताना आम्ही पाहिले. पुळणीवर उतरलेल्या एका चाकाची चाकोरीही त्याला ओलांडता येणार नाही.

हे प्रश्न इतरांनी आधीच अनुभवले आहेत. स्कॉटलंडने 2015 मध्ये उत्तर किनाऱ्यावरचा सुमारे 830 किलोमीटरचा 'नॉर्थ कोस्ट 500' हा मार्ग जगापुढे मांडला. मार्ग लोकप्रिय झाला, पण एकेरी रस्त्यांवर मोठ्या गाड्या अडकू लागल्या आणि रस्त्याकडेला घाण टाकली जाते म्हणून गावे कातावली. सोयी मागाहून उभ्या कराव्या लागल्या. न्यूझीलंडने 2011 मध्ये मोकळ्या मुक्कामासाठी स्वतंत्र कायदा केला, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. म्हणून 2023 मध्ये कायदा आणखी कडक केला. आता तिथे 'स्वयंपूर्ण' गाडीचे प्रमाणपत्र हवे असेल, तर गाडीत पक्का बसवलेला संडास असावा लागतो. दोन्हीकडचा धडा एकच : गाड्या आधी आल्या आणि व्यवस्था नंतर झाली, तर मधल्या काळाची किंमत गावे मोजतात.

म्हणून आमचे मत असे आहे. कॅरॅव्हॅन कोकणात याव्यात, पण तळ आधी आणि गाड्या नंतर. मंडणगडापासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याच्या आठ तालुक्यांत प्रत्येकी दोन तळ आधी बांधावेत. ते पुळणीपासून दूर असावेत, सड्याच्या माथ्यावर नसावेत आणि दोन्ही टाक्या रिकाम्या करण्याची पक्की सोय तिथे असावी. तळ ग्रामपंचायतीने चालवावा आणि त्याचे शुल्कही तिनेच घ्यावे. कासवांच्या विणीच्या काळात किनाऱ्याशेजारी रात्रीच्या मुक्कामाला बंदी हवी. अरुंद रस्त्यांवर गाडीच्या लांबीची मर्यादा ठरवून ती फलकावर लिहावी. आणि तळाच्या शुल्कातच गावातल्या एखाद्या घरचे एक वेळचे जेवण धरावे, म्हणजे मुक्काम गाडीत झाला तरी काकूंची चूल पेटती राहील.

यात खर्च आहे आणि वेळ जाईल, हे मान्य. दोन वर्षे थांबावे लागले तरी चालेल. समुद्र तिथेच असणार आहे. नासलेली विहीर मात्र दोन वर्षांत निवळत नाही.

त्या संध्याकाळी काकूंना मी "टाकीत जातं" असे सांगितले होते. ते अर्धेच उत्तर होते, आणि ते त्यांनाही कळले असावे. तेव्हा तळ होईपर्यंत किनाऱ्याला निघणाऱ्या प्रत्येक जोडप्याला विनंती आहे : सामान भरण्याआधी मुक्कामाच्या गावी फोन लावा आणि आपल्या गाडीचे पाणी कुठे जाणार, हे आधी आपणच विचारा.