न दिसणारी आंकडी

तान्हें मूल झोपेंत हसलें, ओठ चोखूं लागलें किंवा पाय हलवूं लागलें, म्हणजे घरांतील वडील बायका ‘सटवाई खेळवते आहे’ असें म्हणून कौतुक करतात. बहुधा हें कौतुक रास्तच असतें. परंतु याच चोखण्याच्या, डोळे मिचकावण्याच्या किंवा पाय हलविण्याच्या मिषानें क्वचित् आंकडी येऊन जाते आणि पाहणाऱ्यास तिचा संशयही येत नाहीं. दर हजार जन्मांमागें एक ते पांच अर्भकांना पहिल्या महिन्यांत आंकडी येते, असा वैद्यकाचा अंदाज आहे. तेव्हां हा विषय प्रत्येक घरानें जाणून घेण्याजोगा आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नऊ बालग्रह सांगितले आहेत. त्यांतील स्कंदापस्मारांत मूल बेशुद्ध होऊन पुन्हां शुद्धीवर येतें आणि हातपाय नाचवितें, असें वर्णन आहे. निरीक्षण चोख आहे. मात्र तें डोळ्यांचें आहे, आणि नवजात अर्भकाच्या बाबतींत डोळेच अपुरे पडतात. त्याच्या मेंदूंतील तंतूंचें वेष्टन पुरें झालेलें नसतें. एका भागांत विजेचें वादळ उठलें, तरी त्याची वार्ता हातापायांपर्यंत पोहोंचेलच असें नाहीं. फेनोबार्बिटोन हें नेहमींचें औषध दिल्यावर पुष्कळदां झटके थांबतात, पण मेंदूंतील वादळ चालूच राहतें. आमच्या मालवणच्या खलाशांना हें सांगावयास नको: वरून पाणी निवांत दिसतें आणि खालीं ओढ असते.

उलटपक्षीं, दिसणारी प्रत्येक थरथर ही आंकडी नसते. दचकून किंवा स्पर्शानें बाळाचे हात थरथरतात. ते हळूच धरले कीं थरथर थांबते. आंकडी अशी धरून थांबत नाहीं. खरी आंकडी निसटली, तर जन्मतः श्वास कोंडणें, रक्तांतील साखर किंवा कॅल्शियम उतरणें, मेंदूज्वर, मेंदूंतील रक्तस्राव अशा मूळ कारणांवरील उपचार लांबतो. आणि नसलेली आंकडी मानली, तर कोवळ्या मेंदूवर औषधाचा विनाकारण भार पडतो.

याचा निर्णय मेंदूच्या विद्युल्लहरींच्या आलेखानें होतो. जर्मनींतील येना येथील हान्स बर्गर या वैद्यानें १९२४ सालीं मानवी मेंदूच्या लहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ सालीं तें संशोधन प्रसिद्ध केलें. डोक्याच्या त्वचेवर लहान चकत्या चिकटविल्या कीं या अतिसूक्ष्म लहरी नोंदतां येतात. निदान दहा सेकंद टिकणारी, एका तालाची आणि क्रमानें रूप पालटणारी लहर दिसली, म्हणजे तज्ज्ञ ती आंकडी समजतात. अडचण अशी कीं, आंकडीच्या येण्याचा नेम नसल्यानें आलेख अहोरात्र चालू ठेवावा लागतो, आणि तो मध्यरात्रीं वाचणारा तज्ज्ञ मोठ्या शहरांतही दुर्मिळ असतो.

येथें संगणकाचें साहाय्य घेतात. त्याला शिकविण्याची रीत आम्हां शिक्षकांस ओळखीचीच वाटेल. तज्ज्ञांनीं खुणा केलेले आलेख त्याच्यापुढें ठेवतात. तो त्यांचे कांहीं सेकंदांचे तुकडे पाडून लहरींची उंची, वेग व ताल ध्यानांत घेतो आणि पुढें अनोळखी आलेखांत तेंच रूप दिसतांच सूचना देतो. परंतु गुरूंचेंच एकमत नसेल तर? हेलसिंकी येथील ७९ अर्भकांचे आलेख तीन तज्ज्ञांनीं स्वतंत्रपणें तपासले व तें सर्व २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. ३९ बाळांना आंकडी होती आणि २२ बाळांना नव्हती, यावर तिघांचें एकमत झालें; उरलेल्या १८ बाळांविषयीं मतभेदच राहिला. शिवाय श्वासयंत्राची धडधड किंवा आईचें थोपटणें यांचाही ताल आलेखांत उमटतो आणि यंत्र फसतें.

तरीही त्याचा उपयोग आहे. आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांच्या पुढाकारानें चार युरोपीय देशांतील आठ रुग्णालयांत २६४ अर्भकांवर झालेल्या चाचणीचा वृत्तांत २०२० सालीं प्रसिद्ध झाला. आंकडी असलेलीं बाळें ओळखण्यांत यंत्रामुळें विशेष फरक पडला नाहीं. पण ज्या ज्या तासांत आंकडी आली, त्यांपैकीं यंत्राविना ४५ टक्के तास ओळखले गेले, तर यंत्रासह ६६ टक्के. सिंधुदुर्गाच्या तटावरील पहारेकऱ्यानें शीड दिसतांच हांक द्यावी आणि गलबत मित्राचें कीं शत्रूचें हें किल्लेदारानें ठरवावें, तसें यंत्राचें आणि वैद्याचें नातें आहे.

मात्र युरोपांत सिद्ध झालेलें येथें तसेंच लागू पडेल, असें गृहीत धरूं नये. जन्मतः गुदमरलेल्या अर्भकांचें शरीर थंड ठेवण्याचा उपचार तिकडे हितकर ठरला होता. भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील सात रुग्णालयांत ४०८ अर्भकांवर तो तपासला गेला. त्यांत मुंबईचें, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयही होतें. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: थंड ठेवलेल्यांपैकीं ४२ टक्के आणि न ठेवलेल्यांपैकीं ३१ टक्के बाळें दगावलीं. आंकडी ओळखणाऱ्या यंत्रानेंही आपल्या बाळांच्या आलेखांवर अशीच परीक्षा द्यावयास हवी.

आपल्या किनाऱ्यावरील अत्यवस्थ अर्भकांना ओरोसला, आणि प्रसंगीं गोव्यांत बांबोळीला न्यावें लागतें. या वाटेंत वेळ जातो. तो घरींच दवडूं नये. तेंच तें हलणें ठरावीक तालानें पुन्हां पुन्हां होऊं लागलें, नजर एकीकडे खिळली, रंग पालटला किंवा बाळानें दूध सोडलें, तर त्यास कुशीवर निजवावें. कांदा हुंगवूं नये, तोंडांत पाणी वा गुटी घालूं नये. एकानें १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि दुसऱ्यानें मोबाइलवर क्षणभर चित्रण करावें. तें डॉक्टरांना फार उपयोगी पडतें. आजीनें ‘मुलाचें लक्षण मला ठीक दिसत नाहीं’ असें म्हटलें, तर तिला भित्री म्हणून गप्प बसवूं नये. यंत्राचा पहारा रुग्णालयांत पोहोंचल्यावर सुरू होतो; तोंवरचा पहारा घरच्या माणसांनींच द्यावयाचा आहे.