दूरदर्शनसंचाची वहिवाट

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकाच्या साहाय्याने त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले, तेव्हा पेठांतील वाड्यांच्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांच्या ज्या अँटेना एकामागून एक उभ्या राहिल्या, त्या साऱ्यांची तोंडे नैर्ऋत्येला, गडाकडे वळलेली असत. आमच्या कौलावर ती चढायला मात्र ते दशक सरत यावे लागले. कारण संच घेणे म्हणजे वडिलांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराचा प्रश्न होता, आणि तो घेतल्यावरही टपाल कचेरीतून रीतसर परवाना काढून दरसाल त्याचे शुल्क भरावे लागे. एवढा सरंजाम करून जी वस्तू घरात आणावयाची, तिच्याविषयी वडील, आजी आणि थोरले काका यांच्यात अनेक रात्री खल झाला, आणि अखेर आजीनेच मंजुरी दिली.

संच लाकडी पेटीचा होता. त्याला दोन्ही बाजूंनी सरकणारी दारे होती, त्या दारांना कुलूप होते आणि कुलपाची किल्ली आजीच्या कमरेला होती. बटण फिरवल्यावर चित्र उमटेपर्यंत काही काळ थांबावे लागे. मग खरखर होई, पडद्यावर मुंग्या येत, आणि कौलांवर चढलेला काका ‘दिसतंय का?’ म्हणून वरून विचारी, तर खालून पाचसहा जणांची परस्परविरुद्ध उत्तरे एकदम जात. पण त्या वस्तूची मालकी आमची असली तरी तिचा उपभोग आमच्या एकट्याचा नव्हता, ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सिद्ध झाली. वाड्यातल्या सर्व बिऱ्हाडांना संध्याकाळी आमच्या माजघरात येऊन बसण्याचा हक्क आहे, असा ठराव कोणी केला नव्हता. तरीही एखाद्या शेतातून पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्या पायवाटेचा हक्क जसा कागदावाचून मान्य होतो, तशी ती वहिवाट पडली आणि ती मोडण्याचा विचार आमच्या घरात कोणाला शिवला नाही. मुले सतरंजीवर, वडीलधारे खाटेवर आणि खुर्च्यांवर, बायका स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशी उंबऱ्याजवळ, अशी बसण्याची व्यवस्था असे. समाजातील उतरंड त्या खोलीतही उतरली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु चित्र एकच होते आणि ते सर्वांना एकाच वेळी दिसत होते, हेही तितकेच खरे.

मला या लेखात जे आग्रहाने सांगावयाचे आहे, ते या गर्दीविषयी नसून त्या गर्दीने काय पाहिले याविषयी आहे. आम्हां मुलांचे चित्त ‘छायागीत’ आणि ‘किलबिल’ यांत गुंतलेले असे; पण संच एकदा उघडला की जे लागेल ते पाहावयाचे, कारण दुसरी वाहिनीच नव्हती. अशा रीतीने, ज्या मुलाने नांगर कधी हातात धरला नव्हता त्याने ‘आमची माती आमची माणसं’मध्ये कपाशीवरची कीड, विहिरीचे पाणी आणि बियाण्याची निवड यांवर चाललेली संभाषणे ऐकली, आणि कोकणातले शेत मागे सोडून आलेली आजी ती ऐकताना मध्येच बोलू लागे, भाताच्या लावणीविषयी तिला जे ठाऊक होते ते सांगू लागे, तेव्हा स्वयंपाकघराबाहेरची तिची विद्या आम्हांला प्रथमच कळली. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मुळे क्रमिक पुस्तकातले लेखक बोलताना, विचार करताना आणि अडखळताना दिसले. मुंबई केंद्राचे गुजराती कार्यक्रम आम्ही प्रथम नाइलाजाने पाहिले आणि वर्षभरात ती भाषा कानाला परकी वाटेनाशी झाली. आकाशानंदांचा ‘ज्ञानदीप’ तर पाहून संपत नसे. त्याच्या प्रेक्षकांनी गावोगावी मंडळे काढली. पुढे रविवारी दुपारी देशातील निरनिराळ्या भाषांतील चित्रपट दाखवू लागले, आणि बंगाली वा मल्याळी कुटुंबांतील दुःख आमच्या माजघरातील जेवणानंतरच्या सुस्तीत येऊन बसले. यांतले काहीही आम्ही मागितले नव्हते. माझ्या पिढीच्या मनाची जी काही मशागत झाली, तिचा मोठा भाग या न मागितलेल्या गोष्टींनी केला, असे माझे ठाम मत आहे.

हा निव्वळ योगायोग नव्हता. दिल्लीच्या आसपासच्या ऐंशी खेड्यांसाठी १९६७ साली ‘कृषिदर्शन’ सुरू झाले, ते खेड्यांत ठेवलेल्या सामायिक संचांच्या भरवशावर. विक्रम साराभाईंनी ज्या उपग्रह-शिक्षणप्रयोगाचे स्वप्न पाहिले, तो त्यांच्या निधनानंतर १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत प्रत्यक्षात आला. तेथेही एक संच आणि त्याच्यासमोर अख्खे गाव, अशीच तजवीज होती. शेजाऱ्यांनी आमच्या घरात पाडलेली वहिवाट ही या माध्यमाच्या भारतीय कल्पनेत मुळातच होती.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे, की त्या काळच्या निवडीच्या अभावामागे सरकारची मक्तेदारी होती. आणीबाणीत बातम्यांच्या नावाने जे दाखवले गेले, ते ज्यांनी पाहिले त्यांना एकच वाहिनी असण्याचे भय समजावून सांगावे लागत नाही. ती मक्तेदारी गेली हे उत्तम झाले आणि ती परत यावी असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. परंतु मक्तेदारीबरोबर दुसरीही एक गोष्ट गेली. आज घरातल्या प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे, आणि त्यावर पुढे काय यावे हे त्याने काल काय पाहिले यावरून ठरते. म्हणजे गाणे पाहणाऱ्याला गाणे आणि भांडण पाहणाऱ्याला भांडण. नातीला काय दिसते ते आजीला कळत नाही, आणि आजीला जे ठाऊक आहे ते बोलण्याचा प्रसंगच येत नाही.

खासगी वाहिन्यांकडून ही उणीव भरून निघावी अशी अपेक्षा मी करीत नाही. त्यांचा हिशेब जाहिरातीचा आहे. पण १९९० च्या प्रसारभारती कायद्याने शिक्षण, शेती, ग्रामविकास, आरोग्य आणि विज्ञान यांकडे विशेष लक्ष देण्याचे कर्तव्य सार्वजनिक प्रसारणावर घातले आहे, आणि मराठीपुरती त्या कर्तव्याची जागा सह्याद्री वाहिनी आहे. तिने लोकप्रियतेत इतरांशी चढाओढ करू नये. तिला पुरेसा पैसा, जाणते निर्माते आणि सरकारी कचेरीच्या हुकुमापासून मोकळीक मिळावी. रात्रीच्या जेवणाच्या सुमारास, सर्व घर जागे असताना, तिने विदर्भातल्या शेतकऱ्याचा, मुंबईतल्या प्रयोगशाळेचा, गोव्यातल्या तियात्राचा आणि शेजारच्या भाषेतल्या कथेचा कार्यक्रम एकापाठोपाठ एक दाखवावा. आणि तो किती जणांनी पाहिला याची मोजदाद निदान पहिली पाच वर्षे कोणी तिच्याकडे मागू नये.