रिपोर्टमधला 'संशय' किती टक्क्यांचा?

गणपती झाल्यावर आकुर्डीतल्या माझ्या दवाखान्यात एकाच आठवड्यात दोघी जणी मॅमोग्राफीचे रिपोर्ट घेऊन आल्या.

पहिल्या ताईंच्या रिपोर्टमध्ये लिहिले होते 'प्रॉबेबली बिनाइन'. मुलीने मोबाईलवर अर्थ पाहिला: 'कदाचित साधी गाठ'. ताईंनी त्यातले 'कदाचित' तेवढे धरले. आठ दिवस त्यांना झोप नव्हती.

दुसऱ्या रिपोर्टमध्ये शब्द होता 'सस्पिशस'. त्या ताईंचे यजमान चाकणला कंपनीत कामाला. ते म्हणाले, "डॉक्टर, नुसता संशयच आहे ना? मग दिवाळीनंतर बघू."

झोपायला हवे होते पहिल्या ताईंनी आणि घाई करायला हवी होती दुसऱ्यांनी. झाले नेमके उलटे.

चूक त्यांची नाही. चूक आम्हा डॉक्टरांची आहे.

हे शब्द रोजच्या इंग्रजीतले दिसतात, पण रिपोर्टमध्ये त्यांचे वजन ठरलेले असते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची 'बायरॅड्स' ही पद्धत आपल्याकडेही वापरतात. तिच्यात कॅन्सरची शक्यता अशी मांडली आहे:

- कॅटॅगरी 3, 'प्रॉबेबली बिनाइन': 2 टक्के किंवा त्याहून कमी. सहसा 6 महिन्यांनी पुन्हा तपासणी.
- कॅटॅगरी 4, 'सस्पिशस': 2 ते 95 टक्के. बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी. यातही 4ए म्हणजे 10 टक्क्यांपर्यंत, 4बी म्हणजे 10 ते 50 आणि 4सी म्हणजे 50 ते 95.
- कॅटॅगरी 5, 'हायली सजेस्टिव्ह ऑफ मॅलिग्नन्सी': 95 टक्के किंवा जास्त.

"लोकांना इंग्रजी येत नाही, त्याला आम्ही काय करणार?" असे माझे काही डॉक्टर मित्र म्हणतात. मला हे मान्य नाही. रोज हिंजवडीला जाणाऱ्या इंजिनिअरला विचारा, 'सस्पिशस' जड की 'सजेस्टिव्ह'? बहुतेक तो 'सस्पिशस' म्हणेल. रिपोर्टमध्ये मात्र 'हायली सजेस्टिव्ह'च जास्त जड. म्हणजे ही आमची आपसातली खूणभाषा आहे. ती पेशंटच्या हातात द्यायची आणि अर्थ मात्र सांगायचा नाही, हा कुठला न्याय?

दुसरा युक्तिवाद: "आकडा सांगितला की पेशंट घाबरतो." पहिल्या ताईंना '100 पैकी 98 किंवा जास्त जणींना कॅन्सर नसतो' असे कोणी सांगितले असते, तर त्या घाबरल्या असत्या का? माणूस आकड्याला जेवढा घाबरतो, त्याहून जास्त न कळलेल्या शब्दाला घाबरतो. किंवा मग त्या शब्दाकडे दुर्लक्ष करतो, आणि ते जास्त वाईट.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक रिपोर्टखाली मराठीत तीन गोष्टी लिहा: शक्यता किती, पुढे काय करायचे, किती दिवसांत करायचे. एका मिनिटाचे काम आहे.

तोवर हेच तीन प्रश्न तुम्ही डॉक्टरांना विचारा. कॅटॅगरी 4 असेल तर ए, बी की सी, हेही विचारा. वरचे आकडे फक्त स्तनांच्या तपासणीचे आहेत. पोटाच्या सोनोग्राफीत 'सस्पिशस' दिसले, तर हे आकडे तिथे लावू नका. आणि मोबाईलच्या भाषांतरावर कोणताही निर्णय घेऊ नका. मोबाईल शब्दाचा अर्थ सांगतो, वजन सांगत नाही.

दुसऱ्या ताई 4सी मध्ये होत्या. मी हे त्यांच्या यजमानांना आकड्यात सांगितले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुट्टी टाकली.