तारांगण मोफत, पण पारोळ्याहून जायचं कसं?

स्पष्टच लिहितो. कुणाला राग आला तर येऊ द्या.

२८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातली 'आयुका' ही संस्था त्या सुमारास सगळ्यांसाठी दरवाजे उघडते. शास्त्रज्ञ पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देतात, दुर्बिणीतून आकाश दाखवतात. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे, तिथंही विज्ञानाची जत्रा भरते. प्रवेश मोफत. डॉ. जयंत नारळीकरांसारख्या माणसानं उभ्या केलेल्या 'आयुका'ला आणि या परंपरेला माझा सलामच आहे.

पण हे 'मोफत' कुणासाठी? पारोळ्याहून पुणं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. एसटीत आईला अर्धं तिकीट, मान्य. बापाचं पूर्ण, पोरांचं वेगळं, रात्रीचा मुक्काम, वर दोघांची दोन दिवसांची मजुरी बुडाली. गेटवर तिकीट नाही म्हणून ते फुकट होत नाही. ते फक्त जवळ राहणाऱ्याला फुकट असतं.

लगेच कुणीतरी म्हणणार, "तारा देखीसन पोट भरस का भाऊ?" नाही भरत. पण जिल्ह्याचा इतिहास जरा उघडून बघा. आपल्याच चाळीसगाव तालुक्यात पाटणला शिलालेख आहे, इ.स. १२०७ चा. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला. स्थानिक निकुंभ राजानं त्याला दान दिलं, तेही चंद्रग्रहणाच्या वेळी. पाटणच्या बाजारात होणाऱ्या विक्रीवरचं राजाचं उत्पन्न मठाला मिळालं, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल ठरलं. म्हणजे ८०० वर्षांपूर्वी खान्देशातला तेली, व्यापारी, गिऱ्हाईक खगोलशास्त्राचा खर्च उचलत होते. तेव्हा काय सगळ्यांची पोटं भरलेली होती? आणि आज ग्रहण लागलं की आपण खिडक्या लावून घेतो.

दुसरा आक्षेप, "यूट्यूबवर सगळं दिसतं." दिसतं ना. लग्नाचा व्हिडिओही दिसतो, तरी पंगतीला जातोच ना आपण? शनीची कडी स्वतःच्या डोळ्यानं पाहिलेलं पोरगं घरी येऊन दहा प्रश्न विचारतं. मोबाईलवर पाहिलेलं पोरगं बोटानं पुढची रील सरकवतं.

आमचा शेतकरी अख्खं वर्ष नक्षत्रांच्या हिशेबानं बोलतो. मृग लागला, आर्द्रा कोरडी गेली, यंदा वाहन बेडूक आहे की म्हैस. पण 'मृग लागला' म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला, म्हणून जूनमध्ये मृग रात्री दिसतच नाही, हे त्याला कुणी सांगितलं? तोच मृग फेब्रुवारीच्या संध्याकाळी डोक्यावर असतो. वर बोट करून दाखवायला दोन मिनिटं लागतात. दाखवणारा माणूस मात्र लागतो.

गंमत बघा. मुंबईचं नेहरू तारांगण १९७७ पासून घुमटावर तारे दाखवतंय, कारण शहराच्या उजेडात खरे तारे दिसत नाहीत. आपल्याकडे गावाबाहेर दोन किलोमीटर गेलं की खरं आकाश आहे, समजावणारा नाही. उरलेलं आकाशही आपण घालवतोय. चौकाचौकात हायमास्ट लावायचा, फीत कापायची, फोटो टाकायचा. उजेड रस्त्यावर पडतो का आभाळात जातो, विचारतो का कुणी?

म्हणून मागणी साधी आहे. मला कोट्यवधींचा घुमट नको. आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं शेतातून जग पाहिलं, तिचं नाव. त्या विद्यापीठानं जळगाव, धुळे, नंदुरबारच्या प्रत्येक तालुक्यात विज्ञान दिनाची एक संध्याकाळ द्यावी. कॉलेजचे फिजिक्सचे दोन प्राध्यापक, एक सहा इंची दुर्बीण, शाळेचं मैदान. नगरपालिकेनं दोन तास मैदानाभोवतीचे दिवे बंद करावेत. कार्यक्रम संध्याकाळी सातनंतर ठेवा, म्हणजे मजुरी बुडणार नाही. आणि फक्त विद्यार्थी नकोत. आई, बाप, आजी, सगळ्यांना बोलवा. घरातल्या मोठ्यांनी पाहिलं नाही, तर पोराचा प्रश्न घरी गेल्यावर गप्प बसवला जातो.

वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. कर्तव्य आमच्यावर टाकलंत, मग साधनं फक्त पुण्या-मुंबईला का?

मुख्याध्यापक, प्राध्यापक, नगरसेवक, जे कुणी हे वाचताय, त्यांनी एवढंच सांगा: येत्या २८ फेब्रुवारीला मैदान कोण देतंय आणि दुर्बीण कोण आणतंय? गर्दी जमवायची जबाबदारी माझी.