अस्सल, नक्कल आणि थकबाकी

'अस्सल' या शब्दाची मला अलीकडे धास्तीच बसली आहे. समोरच्याच्या तोंडून हा शब्द बाहेर पडला, की आपला पुढचा अर्धा तास बुडीत खात्यात गेला असं खुशाल समजावं. अस्सल मिसळ कोल्हापूरची, अस्सल हापूस देवगडचा, अस्सल मराठी सदाशिव पेठेतली. आणि ज्यांच्या वाट्याला यांतलं काहीच आलं नाही ते आपले नकलेवर दिवस काढताहेत, असा या मंडळींचा एकूण समज असतो. मी बी. कॉम. झालेला, बँकेतला साधा कारकून आहे. पण खरी सही आणि खोटी सही यांतला फरक ओळखण्याबद्दलच बँक मला दरमहा पगार देते. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा अधिकार मला असायला हरकत नाही.

अस्सलवाल्यांचा आणि माझा संबंध वाढला तो वेरूळला बदली झाल्यापासून. इतर कारकुनांकडे पाहुणे येतात ते त्यांना भेटायला. माझ्याकडे येतात ते कैलास लेणं पाहायला. मंगळवारी लेणी बंद असतात. त्यामुळे मंगळवारी दिवसभर बँकेत राबूनही मला सुटी असल्यासारखं वाटतं. गेल्या ऑक्टोबरात आमचे न्यू जर्सीचे साडू आणि थोरल्या बहिणीचा म्युनिकला नोकरीला असलेला मुलगा असे दोघे एकाच आठवड्यात टपकले. आणि योगायोग असा, की दोघांच्याही सामानात ऑक्टोबरच्या उत्सवाची बिअर निघाली. एकाची जर्मनीची, दुसऱ्याची अमेरिकेची.

(महाराष्ट्रात बिअर प्यायला वयाची २१ वर्षं पुरी लागतात आणि परवाना लागतो. माझ्याकडे दोन्ही आहेत. कागदपत्रं पुरी असल्याखेरीज मी साधं पाणीसुद्धा पीत नाही.)

दोन पेले शेजारी शेजारी ठेवले. जर्मन बिअर पिवळीधमक, हलकी, नितळ. अमेरिकन बिअर तांबूस. चवीला भाकरीच्या खरपूस पापुद्र्यासारखी आणि मागे जराशी गोडसर.

"मामा, रंगावरूनच कळतं बघा," भाचा म्हणाला, "ही अस्सल. काकांची ती ड्युप्लिकेट. म्युनिकच्या उत्सवात सहाच ब्रुअऱ्यांची बिअर चालते. बाकी सगळा नकली माल!"

साडू गप्प बसले. अमेरिकेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला नकली म्हणवून घ्यायची सवय झालेली असते. आम्ही अमेरिकेत 'इंडियन' आणि इथे 'अमेरिकन', असं ते नेहमी म्हणतात.

पण मला राहवेना. कारण प्रश्न बिअरचा नव्हताच. प्रश्न होता हिशेबाचा, आणि हिशेब साफ चुकलेला होता.

या अस्सल बिअरचं खातं मुळापासून तपासू या. १८१० च्या ऑक्टोबरात बव्हेरियाचा युवराज लुडविग याचं राजकन्या तेरेझशी लग्न झालं, त्या आनंदाप्रीत्यर्थ घोड्यांच्या शर्यती झाल्या, आणि तोच पुढे दरसालचा उत्सव झाला. म्हणजे मुळात हे लग्नघर. वऱ्हाडाची पंगत दोनशे वर्षांत उठलेली नाही, इतकंच! २०२३ साली या पंगतीला ७२ लाख माणसं होती.

आता बिअरकडे वळू. बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर गाळायला मनाई होती, कारण उन्हाळ्यात ती नासायची. म्हणून मार्चमध्ये जरा कडक बिअर करून थंड तळघरांत भरून ठेवायची आणि शरदात ती संपवायची. तिचं नावच मुळी 'मेर्त्सेन', म्हणजे 'मार्चची'. मार्चअखेर धावपळ करून कोठारं भरायची आणि पुढे सहा महिने तीच पुरवायची, हा प्रकार बँकेतल्या माणसाला निराळा समजावून सांगावा लागत नाही.

पण आज जिला 'मेर्त्सेन' म्हणून ओळखतात ती तांबूस बिअर कुठून आली? १८३३ मध्ये म्युनिकचा गाब्रिएल सेडलमायर आणि व्हिएन्नाचा आन्टोन ड्रेहर असे दोन तरुण इंग्लंडच्या ब्रुअऱ्या पाहायला गेले. हातात काठ्या, काठ्या आतून पोकळ. यजमानाची पाठ फिरली, की काठी पिंपात बुडवून नमुना पळवायचा! कोंब आणलेला सातू तांबूस न करपवता कसा भाजायचा, हे तंत्र इंग्रजांना साधलं होतं. ते शिकून ड्रेहरने १८४१ मध्ये व्हिएन्नात आपली तांबूस बिअर काढली, आणि त्याच सुमारास सेडलमायरने म्युनिकात आपली मेर्त्सेन. १८७२ मध्ये गाब्रिएलच्या भावाच्या ब्रुअरीने व्हिएन्नाच्या धर्तीवर केलेली बिअर म्युनिकच्या उत्सवात आणली, आणि तीच पुढे उत्सवाची बिअर ठरली. म्हणजे आमच्या भाच्याच्या अस्सल मालाची वंशावळ अशी : विद्या इंग्लंडची, वळण व्हिएन्नाचं, शिक्का म्युनिकचा.

बरं, म्युनिकने ते वळण तरी जपलं का? तर नाही. १९७० च्या दशकात तिथल्या पाउलानर ब्रुअरीने फिकी, हलकी बिअर काढली. पोटाला जड पडत नाही, त्यामुळे माणूस पहिल्या लिटरवर न थांबता दुसऱ्याकडे वळतो. हळूहळू उत्सवाच्या तंबूंतून तांबूस बिअर हद्दपार झाली आणि पिवळी आली. धंद्याच्या दृष्टीने यात काही चूक नाही. २०२४ मध्ये एका लिटरला १३ ते १५ युरो पडत होते; एवढ्या दराने दुसरा लिटर खपवायचा तर पहिला हलकाच हवा.

आणि ती जुनी तांबूस बिअर कुठे राहिली? साडूंच्या बाटलीत! अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. छोट्या ब्रुअऱ्या बहुतेक बुडाल्या, उरल्या त्या पाणचट बिअर विकत मोठ्या झाल्या. पुढे १९८० च्या दशकात काही हौशी मंडळींनी जुन्या पद्धती धुंडाळायला सुरुवात केली. बॉस्टनच्या सॅम्युअल अ‍ॅडम्सने १९८९ मध्ये आपली 'ऑक्टोबरफेस्ट' काढली ती तांबूस मेर्त्सेनच्या वळणाची. तिचं पाहून इतर शेकडो ब्रुअऱ्यांनीही तेच केलं. म्हणजे आज म्युनिकच्या आजोबांच्या पेल्यातला रंग पाहायचा, तर बॉस्टनला जायचं!

यात नवल काही नाही. घर सोडून गेलेला माणूस सामान जपतो. घरी राहिलेला फर्निचर बदलतो. तंजावरकडच्या मराठी घरांत जुने शब्द अजून नांदताहेत, आणि इकडे आपण ते कधीच भंगारात काढले. न्यू जर्सीतल्या साडूंच्या घरी नरकचतुर्दशीला कारिटं मिळत नाही म्हणून पायाखाली टोमॅटो फोडतात. आमच्याकडे कारिटं मिळत असून लोक टीव्हीसमोर बसलेले असतात. आता अस्सल कोण, तुम्हीच ठरवा.

अमेरिकनांना मी सोवळं ठरवतो आहे असं मात्र समजू नका. त्यांच्याही खात्यात खोट आहे. ऑक्टोबरची बिअर ते ऑगस्टातच दुकानात मांडतात. आपल्याकडे श्रावण संपायच्या आत दिवाळीचे सेल लागतात, त्यातलाच प्रकार. आणि जुन्या वळणाच्या नावाखाली काही जण ती इतकी गोड करतात, की बिअर प्यालो की काकवी, याचा उलगडा होत नाही. ही खोट त्यांच्या नावे मांडलीच पाहिजे. पण ती गोडीची आणि घाईची खोट झाली. अमेरिकन असण्याची नव्हे.

दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन नेहमीप्रमाणे सोळा नंबरच्या लेण्यासमोर उभा राहिलो. कैलास पाहून भाच्याचा आ वासला. "मामा, याला म्हणतात अस्सल!"

आता याला काय सांगावं? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हा डोंगर वरून खाली कोरला. पण त्याचा आराखडा पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी इतका जुळतो, की अभ्यासक त्याला विरूपाक्षाच्या वळणाचं म्हणतात. ते विरूपाक्ष चालुक्य राणी लोकमहादेवीने नवऱ्याने पल्लवांवर मिळवलेल्या विजयासाठी बांधलं, आणि त्याच्यावर छाप आहे ती पल्लवांच्याच कांचीच्या कैलासनाथाची. म्हणजे कांचीवरून पट्टदकल, पट्टदकलवरून वेरूळ. शिवाय इथेच तीस नंबरचं जैन लेणं आहे. त्याचं नावच 'छोटा कैलास', आणि तेही अर्धवट राहिलेलं! नकलेची नक्कल आणि तिचीही नक्कल. पण कैलासासमोर उभं राहून "ही ड्युप्लिकेट" म्हणायची कोणाची छाती आहे? बांधायचं ते मंदिर या लोकांनी कोरून काढलं. बांधकामात चूक झाली तर दगड बदलता येतो; इथे खोडरबराची सोयच नव्हती.

आता तिथून तासाभराच्या अंतरावरचा बीबी का मकबरा घ्या. औरंगजेबाच्या बेगमेचा, दिलरस बानूचा. त्याचा शिल्पकार अताउल्ला हा ताजमहाल उभारणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. खर्च सांगतात ६,६८,२०३ रुपये ७ आणे. ते सात आणे वाचून माझं कारकुनी हृदय भरून येतं. तिकडे ताजला तीन कोटींच्या वर खर्च झाला म्हणतात. ताजच्या जवळजवळ पन्नासाव्या हिश्शात पोराने बापाचं काम उतरवून दाखवलं. आणि आपण तिकीट काढून आत जातो आणि पहिलं वाक्य काय बोलतो? "ताजची सर नाही!" अहो, ताजच्या बजेटची तरी सर होती का?

आणि आमचं हिमरू! औरंगाबादी हिमरू म्हणजे राजेरजवाड्यांच्या किनखापाची सुती-रेशमी आवृत्ती. त्या शब्दाचा अर्थच 'सारखं दिसणारं' असा सांगतात. आपण नक्कल आहोत हे स्वतःच्या नावातच जाहीर करणारं दुसरं कापड मला ठाऊक नाही. पैठणीचं म्हणाल, तर नाव पैठणचं आणि माग मुख्यतः येवल्याचे. सौ.च्या पैठणीला "पण ही येवल्याची ना?" असं विचारून पाहा; चहा मिळायचा नाही.

यावर अस्सलवाले म्हणतील, "मग काय, कोणीही कोणाचंही नाव लावावं? यंत्रमागाची साडी पैठणी म्हणून विकावी?" मुळीच नाही. आणि इथेच बँकेचा अनुभव कामाला येतो. एक माणूस दुसऱ्याची सही गिरवून पैसे काढतो. ती खोटी सही, त्याला तुरुंग. एक मुलगा बापाचं अक्षर पाहून पाहून तसंच वळण उचलतो आणि त्या वळणात स्वतःचं नाव लिहितो. ते वळण, त्याला वारसा म्हणतात. यंत्रमागाची 'पैठणी' ही पहिल्या जातीतली. कैलास, मकबरा, हिमरू आणि बॉस्टनची तांबूस बिअर ही दुसऱ्या जातीतली. म्युनिकने आपलं नाव जपावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण नावाचा कागद हातात आहे म्हणून चवीची मालकीही आपलीच, हे काही खरं नाही.

नक्कल म्हणजे कर्ज. कर्ज काढण्यात लाज नाही. कर्जावर तर आमची बँक चालते. लाज आहे ती दोन गोष्टींची : कर्ज कबूल न करण्याची, आणि व्याज न फेडण्याची. कैलासाने पट्टदकलचं कर्ज चक्रवाढ व्याजाने फेडलं. छोट्या कैलासाचे हप्ते मध्येच थांबले.

आता एक थकबाकी आपल्या दाराशी आहे, तिच्याबद्दल बोलतो. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, औद्योगिक पट्ट्यात वर्षानुवर्षं बिअर तयार होते. लेबलावर नाव कधी ऑस्ट्रेलियाचं, कधी डेन्मार्कचं. पण बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त असतं ते पाणी. आणि ते ना सिडनीचं, ना कोपनहेगनचं. ते जायकवाडीचं, गोदावरीचं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्याच दिवसांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथल्या मद्यकारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्के कापायला सांगितलं. तोवर या बाटल्यांत आपलं काय जातं, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं होतं? आपण लेबल वाचत होतो. परदेशी आहे ना, मग अस्सल!

अस्सलपणाच्या वेडाचा तोटा हा असा होतो. नाव कुठलं, याची चौकशी करता करता माल कोणाचा, हे विचारायचं राहून जातं. म्हणून माझी मागणी साधी आहे. बिअर जर्मन वळणाची करा, अमेरिकन वळणाची करा, तांबूस करा, पिवळी करा. चांगली झाली तर मी चांगली म्हणेन. फक्त बाटलीवर एक ओळ वाढवा : 'पाणी : नाथसागर, पैठण.' ज्याच्याकडून उचल घेतली त्याचं नाव खात्यावर असावं, एवढी शिस्त आमच्याकडे शंभर रुपयांच्या व्यवहारालाही आहे.