पाण्यात उतरा, पण हात आवरा

कुठल्याही समुद्रकिनाऱ्यावर एक दृश्य हमखास दिसतं. नवरा, मुलं, भाचरं लाटांत, आणि घरातली बाई वाळूत उभी. एका हातात सगळ्यांच्या चपला, दुसऱ्या हातात टॉवेलची पिशवी. फार तर साडी घोट्याच्या वर धरून पाय भिजवायचे. मुलीनंही पोहायला शिकावं, असं आपल्या गावांतल्या किती घरांना वाटलं?

लक्षद्वीपला जाणाऱ्या मैत्रिणींनो, तिथे तरी पिशव्या नवऱ्याकडे द्या! जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथले स्नॉर्केलिंगचे फोटो झळकले आणि या बेटांची चौकशी वाढली. अगत्ती, कवरत्ती, कदमत या बेटांलगत प्रवाळांचा कडा आहे. लाटा त्या कड्यावर फुटतात, आतलं पाणी उथळ आणि शांत राहतं. लाइफ जॅकेट घालायचं, मास्क लावायचा, नळी तोंडात धरायची आणि पालथं तरंगायचं. श्वास तोंडानं, सावकाश. सुरुवातीला छातीत धडधडतं, मग सवय होते. बरोबर जाणकार माणूस मात्र हवाच. कपड्यांचा संकोच नको, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग उत्तम, उन्हाचाही त्रास वाचतो. सिलिंडर लावून खोल जायचं असेल, तर दमा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदरपणी तर नकोच.

खाली दिसतं ते हिरवं कासव. हे नाव पाठीवरून नाही, आतल्या हिरवट चरबीवरून पडलंय. गायीसारखं निवांत समुद्री गवत चरत असतं. अगत्तीला तर कासवांनी गवताची कुरणंच फस्त केली. मासे घटले म्हणून तिथले कोळी त्यांच्यावर नाराज. पाहुण्यांना गोजिरवाणं वाटणारं कासव तिथल्या चुलीला महाग पडू शकतं, हेही ठाऊक असावं.

आणि पाहुणे काय करतात? पाठलाग करतात, पाठीवर हात ठेवून फोटो काढतात. कासवाला आपल्यासारखी फुप्फुसं असतात, श्वासासाठी वर यावंच लागतं. माणसांनी घेरलं की ते बुजतं, खालच्या खाली पळतं. न विचारता कुणी अंगाला हात लावला की कसं वाटतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे. प्रवाळांवरही पाय ठेवू नका. तो दगड नव्हे, जीव आहे, आणि १९९८, २०१०, २०१६, २०२४ अशा वर्षांत तापलेल्या पाण्यानं तो आधीच होरपळलाय.

फोटोवाला म्हणेल, 'हात लावा मॅडम, काही करत नाही.' त्याला सरळ नाही म्हणा. कासव वर येताना दिसलं की जागीच थांबा, वाट मोकळी ठेवा. ते डोकं बाहेर काढतं, श्वास घेतं आणि पुन्हा गवताकडे जातं.